कुटुंबवकील (सिंगापूर)

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, पतिपत्नींच्या मालमत्तेची वाटणी, दत्तक आणि घरगुती हिंसाचार या प्रकरणांत सल्ला देणारा व न्यायालयात बाजू मांडणारा वकील. सिंगापुरात सॉलिसिटर आणि बॅरिस्टर असे वेगळे वर्ग नाहीत. कागद तयार करणारा वकीलच न्यायाधीशासमोर उभा राहतो. वकिलांच्या कचेऱ्या बहुतांशी शहराच्या मध्यभागी आहेत. बुकित तिमाह या भागाचा संबंध येतो तो कायद्याच्या शिक्षणामुळे. मलाया विद्यापीठाने १९५७ मध्ये कायद्याचे पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा सिंगापुरातील त्याचे ठाणे बुकित तिमाह रस्त्यावरील जुन्या रॅफल्स कॉलेजच्या आवारात होते. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठाची विधी विद्याशाखा २००६ मध्ये केंट रिजहून याच आवारात परतली. या विद्याशाखेत शिकवलेल्या लिऑंग वाय कुम यांचे कुटुंब कायद्यावरील ग्रंथ प्रमाण मानले जातात.

पूर्वपीठिका. १९६१ पर्यंत लग्न ज्याच्या त्याच्या रूढीप्रमाणे चाले. १९०८ च्या ‘सहा विधवा’ खटल्यात एका चिनी व्यापाऱ्याच्या दुय्यम पत्नींनाही वारसाहक्क मिळाला, आणि बहुपत्नीकत्वाला न्यायालयाची मान्यता आली. त्याविरुद्ध चळवळ उभारणाऱ्या शिरीन फोजदार मूळच्या मुंबईच्या (जन्म १९०५). १९५० मध्ये त्या सिंगापुरात आल्या, १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सिंगापूर महिला परिषद स्थापन झाली. पुढे विधिमंडळात चॅन चॉय सिऑंग यांनी हा विषय लावून धरला. १५ सप्टेंबर १९६१ पासून ‘विमेन्स चार्टर’ हा कायदा लागू झाला आणि मुस्लिमेतरांना एकपत्नीत्व बंधनकारक झाले. त्याआधी १९५० मध्ये मारिया हर्टोग या मुलीच्या खटल्यात तिचा ताबा आणि तिच्या विवाहाची वैधता हे दोन्ही प्रश्न होते. त्यावरून उसळलेल्या दंगलीत १८ माणसे मेली.

दावा कोठे लावावा. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने वकिलाचे सर्वांत मोलाचे काम हेच. पुढचे सगळे यावर अवलंबून असते. पतिपत्नींपैकी एक जण सिंगापूरचा अधिवासी असेल किंवा आधीची तीन वर्षे तेथे नित्य राहत असेल, तर सिंगापुरात घटस्फोट मागता येतो. त्यामुळे एम्प्लॉयमेंट पासवर (नोकरीच्या परवान्यावर) राहणारा परदेशी अभियंताही तेथे दावा लावू शकतो. मात्र लग्नाला तीन वर्षे झालेली असावी लागतात. अपवादाला न्यायालयाची परवानगी लागते.

पण लग्न पुण्यात, हिंदू विवाह कायद्याखाली (१९५५) झालेले असेल तर सिंगापूरचा हुकूमनामा भारतात टिकेल का, हा प्रश्न उरतोच. वाय. नरसिंह राव खटल्यात (१९९१) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला : परदेशी न्यायालयाला त्या लग्नाच्या कायद्यानुसार अधिकार हवा आणि घटस्फोटाचे कारणही त्या कायद्यात बसणारे हवे. समोरच्या पक्षाने आपखुशीने हजर राहून दावा लढवला असेल किंवा घटस्फोट देण्याला संमती दिली असेल, तर मात्र वाट मोकळी होते. नोटीस पोचली, पत्नी नागपूरला माहेरी होती, ती आलीच नाही आणि एकतर्फी निकाल लागला, असा हुकूमनामा भारतात बहुधा कुचकामी ठरतो. १ जुलै २०२४ पासून सिंगापुरात परस्परसंमतीनेही घटस्फोट मिळू लागला. भारतातील मान्यतेचा विचार करता हा मार्ग अधिक सुरक्षित दिसतो.

उलट, घटस्फोट पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात झाला आणि पैसाअडका सिंगापुरात असला, तर २०११ च्या दुरुस्तीनंतर सिंगापूरच्या न्यायालयाची परवानगी घेऊन तेथे वाटणी व पोटगी मागता येते. ही तरतूद भारतातील पुष्कळ वकिलांच्या गावीही नसते.

मालमत्तेची वाटणी. पतिपत्नींनी एकमेकांच्या सहकार्याने संसार करावा, हे चार्टरच्या ४६ व्या कलमातले वाक्य पूर्वी नुसते उपदेशाचे वाटे. वाटणीच्या विचाराला त्याचा पाया देण्यात लिऑंग यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. एएनजे विरुद्ध एएनके (२०१५) या निकालाने आकडेमोडीची रीत ठरवली. प्रत्यक्ष पैसा कोणी किती घातला, याचे एक प्रमाण. घर, मुले आणि बाकीचा अप्रत्यक्ष वाटा कोणाचा किती, याचे दुसरे. मग दोहोंची सरासरी. समजा पैशात पतीचे ८० व पत्नीचे २०, आणि घरकामात ४० व ६०. सरासरी ६० : ४० येते, आणि न्यायालय परिस्थिती पाहून त्यात फेरफार करते. दीर्घकाळच्या, एकाच्याच पगारावर चाललेल्या संसाराला ही रीत लावू नये, तेथे कल समान वाटणीकडे असतो, असे टीएनएल विरुद्ध टीएनके (२०१७) मध्ये स्पष्ट झाले.

भारतात अशी वाटणी सांगणारा सर्वसाधारण कायदाच नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला सामाईक मालमत्तेचा नियम आहे, तो वेगळा. त्यामुळे इकडच्या नातेवाइकांना हे गणित चटकन पटत नाही. शिवाय मालमत्ता जगात कोठेही असली तरी हिशेबात धरली जाते. लग्नानंतर घेतलेला पुण्याचा फ्लॅट येतो. साताऱ्याची वारसाहक्काची जमीन सहसा येत नाही. पत्नीला माहेरून मिळालेले दागिनेही सहसा बाहेर राहतात. म्हणून मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राआधी वकील पगाराच्या पावत्या, मुदत ठेवींच्या नोंदी, फ्लॅटचे खरेदीखत, कर्जाचे हप्ते भरल्याचे पुरावे असे सगळे मागवून घेतो. सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड या भविष्य निर्वाह निधीचा उतारा मात्र फक्त नागरिक व स्थायी रहिवासी यांच्याकडे असतो.

मुले. एकवीस वर्षांखालील मूल असेल तर समुपदेशन व मध्यस्थी टळत नाही. ताब्याचा हुकूम झाल्यावर दोन्ही पालकांच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेता येत नाही. ज्याच्याकडे मूल आहे त्याला महिन्याच्या आतली सहल मोकळी आहे. बालअपहरणाबाबतच्या हेग करारात सिंगापूर आहे, भारत नाही. मूल मुंबईला नेऊन ठेवले तर सिंगापूरचा हुकूम तेथे आपोआप चालत नाही. मुलाचे हित पाहताना तो केवळ एक मुद्दा ठरतो (भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा नित्या आनंद राघवन निकाल, २०१७).

वास्तव्य. डिपेंडंट पासवरील पत्नीचा मुक्काम पतीच्या पासवर टांगलेला असतो आणि घटस्फोट झाला की तो आधार जातो. अंतरिम निकालानंतर तो अंतिम होईपर्यंत साधारण तीन महिने मिळतात. वकील पहिल्याच भेटीत पासाची तारीख विचारतो ती यासाठी.

घरगुती हिंसाचार. संरक्षण आदेशाचा अर्ज वकिलाविनाही करता येतो.

मुस्लिम कुटुंबे. त्यांच्यासाठी १९५८ पासून वेगळे शरिया न्यायालय आहे.

न्यायालये. कौटुंबिक न्यायालय १ मार्च १९९५ रोजी सुरू झाले. १ ऑक्टोबर २०१४ पासून उच्च न्यायालयाचा कुटुंब विभाग, कौटुंबिक न्यायालये व युवा न्यायालये एका व्यवस्थेत आली.

विधी साहाय्य. सरकारी विधी साहाय्य कार्यालय १९५८ पासून आहे. त्याचा लाभ मुख्यतः नागरिक व स्थायी रहिवाशांना मिळतो. पासवर आलेल्या पत्नीला स्वतःचे उत्पन्न नसल्यास वकील आधी दावा चालू असतानाच्या अंतरिम पोटगीचा अर्ज करतो.