मोडीत गेलेली भांडी

अठराव्या शतकातला मराठी लष्करी तळ उभा करणाऱ्या एका शिबिरासाठी भांडी निवडण्याचे काम माझ्याकडे आले. काय वगळायचे, हे ठरवणे सोपे होते. स्टेनलेस स्टील १९१३ चे. अ‍ॅल्युमिनियम १८२५ मध्ये प्रथम वेगळे करता आले आणि स्वस्त झाले ते १८८६ नंतर. दोन्ही बाद.

काय घ्यायचे, हे मात्र अवघड. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या भांड्यांचा मोठा संग्रह आहे. पण संग्रहालयांत टिकते ते बहुधा नक्षीचे, देवघरातले किंवा श्रीमंताघरचे. शिपायाचा साधा तांब्या फुटला की मोडीत जाई आणि त्याच धातूचे नवे भांडे होई. खुद्द अकबराच्या मुदपाकखान्यातली फुटकी तांब्याची भांडी कारागिरांकडे नव्याने घडवायला जात, असे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवले आहे. साधी भांडी आज दिसत नाहीत ती क्षुल्लक होती म्हणून नव्हे, तर त्यांचा धातू मोलाचा होता म्हणून.

म्हणून मी नक्षी टाळली. पाण्यासाठी बिननक्षीचा तांब्या घेतला. वरून प्यायल्यास उष्टा होत नाही, एक चौघांना पुरतो. भाकरीला लोखंडी तवा, जेवायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. पातेली मठारकामाची निवडली. त्यांवरचे हातोडीचे ठोके निव्वळ शोभेचे नसतात. ठोकल्याने पत्रा कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीने हे काम पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

शिबिरात लोक खरोखर जेवणार होते. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताक कळकते आणि पोटात गेले तर बाधते. त्यावर उपाय कल्हईचा : भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा आणि वितळलेले कथील कापसाने आतून फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साधी भट्टी पुरते. पण कल्हई झिजते. अकबराच्या वापरातल्या भांड्यांना ती महिन्यातून दोनदा होत असे.

तेव्हा अस्सलपणा केवळ घाटात किंवा धातूत शोधून भागत नाही. भांडे वापरात ठेवणारा कारागीर हाही त्या इतिहासाचाच भाग आहे, आणि आज भांड्यापेक्षा तोच दुर्मीळ झाला आहे. आयोजकांना मी एकच अट घातली : तळावर कल्हईवाल्याची भट्टी हवी, आणि कल्हई झाल्याशिवाय एकही पातेले चुलीवर चढता कामा नये.