कोलोनचा कार्निव्हल : विदूषकांचं बंड आणि समितीचे कागद



जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या एखाद्या विद्यापीठात शिकायला येणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. इथले लोक म्हणतात की आमच्याकडे ऋतू चार नाहीत, पाच आहेत. पाचवा म्हणजे कार्निव्हल. कोलोनमध्ये 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या 46 दिवस आधी, राखेच्या बुधवारी संपतो. त्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ लागतो. गोव्यातला कार्निव्हल याच पंचांगावर चालतो, त्यामुळे आपल्यालाही हे अगदी परकं नाही.

रस्त्यावरचे दिवस शेवटचे सहा. गुरुवार बायकांचा. त्या कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. दुपारनंतर प्रयोगशाळेत कुणी भेटेल अशी आशा ठेवू नका. यंत्रावरची वेळ आधीच्या आठवड्यातच मागून घ्या. सोमवारी मोठी मिरवणूक निघते. चित्ररथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळली जातात आणि खालची गर्दी 'कामेले, कामेले' असं ओरडून ती मागते. आरोळी 'आलाफ'. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची आरोळी 'हेलाउ'. ती चुकूनही कोलोनमध्ये द्यायची नाही! मंगळवारी रात्री नुबेल नावाचा पुतळा जाळतात. सगळ्यांच्या सगळ्या पापांचं खापर त्याच्या डोक्यावर. शिमगा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मजा आहेच. पण या ब्लॉगवर आपण संशोधन कसं चालतं ते बघतो, म्हणून आज त्या मजेमागच्या इतिहासाकडे बघू. कार्निव्हलबद्दल कुणालाही विचारा, दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, 'ही फार जुनी परंपरा आहे.' दोन, 'कार्निव्हलनं नेहमी सत्तेची टर उडवली.' माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानातली. त्यामुळे 'फार' आणि 'नेहमी' हे शब्द ऐकले की पहिला प्रश्न मनात येतो : पुरावा काय?

'फार जुनी' म्हणजे किती?

उपासाआधी खाऊन-पिऊन घेण्याची चाल खरंच जुनी आहे. कोलोनच्या नगरपरिषदेच्या 1341 च्या कागदांत तिचा उल्लेख सापडतो. पण आज आपण बघतो तो कार्निव्हल, म्हणजे समिती, गणवेशधारी मंडळं आणि सोमवारची आखीव मिरवणूक, त्याला नेमकी जन्मतारीख आहे : 10 फेब्रुवारी 1823.

मध्ये काय घडलं? 1794 मध्ये फ्रेंच सैन्य शहरात आलं. त्यांनी कार्निव्हलवर बंदी घातली आणि 1804 मध्ये परत परवानगी दिली. 1815 मध्ये व्हिएन्ना परिषदेनंतर कोलोन प्रशियाच्या राज्यात गेलं. शहर कॅथलिक, नवे राज्यकर्ते प्रोटेस्टंट आणि लष्करी शिस्तीचे. या काळात शहरातल्या सुखवस्तू, शिकलेल्या लोकांनी एकत्र येऊन उत्सवाची नवी मांडणी केली. त्याच 1823 साली 'रोटे फुंकेन' हे मंडळ निघालं. कोलोनच्या जुन्या, फ्रेंचांच्या काळात मोडीत निघालेल्या शहरी शिपायांचा लाल-पांढरा गणवेश त्यांनी घातला. खांद्यावर लाकडी बंदुका, आणि दोन शिपाई पाठीला पाठ लावून पार्श्वभाग घासत नाचतात. कवायतीची इतकी उघड खिल्ली दुसरी कुठली असेल?

म्हणजे दुसरं वाक्य, 'सत्तेची टर', खरं ठरलं? थांबा. आधी त्या समितीचं नाव वाचा. जर्मन नावाचा सरळ अर्थ होतो 'उत्सवाला व्यवस्था लावणारी समिती'. रस्त्यावरचा मोकाट धिंगाणा सभ्य मंडळींना खुपत होता, तो त्यांना शिस्तीत बसवायचा होता. शिस्त राज्यकर्त्यांनाही हवीच होती. थट्टा झाली, पण परवानगीच्या चौकटीत झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुण्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात 1893 ची. घरातला गणपती त्याहून कितीतरी जुना. मंडळ, मांडव आणि मिरवणूक ही मांडणी मात्र परकीय राजवटीतली. एखाद्या प्रथेला तारीख सापडली म्हणून ती खोटी ठरत नाही. तारीख सापडली की ती कुणी आणि कशासाठी मांडली हे विचारता येतं, एवढंच.

1934 चा एक चित्ररथ

आता अवघड भाग. युद्धानंतर कोलोनमध्ये बरीच वर्षं एक गोष्ट अभिमानानं सांगितली जायची : 'विदूषकांचं बंड'. 1935 मध्ये नाझींनी कार्निव्हल स्वतःच्या संघटनेखाली आणायचा प्रयत्न केला. मंडळांच्या अध्यक्षांनी नकार दिला आणि नाझींना माघार घ्यावी लागली. ही घटना खरी आहे. पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष असा होता : आमचा कार्निव्हल नाझींच्या विरोधात होता.

आपण विज्ञानात काय करतो? एखादं गृहीतक मांडलं की त्याला छेद देणारं निरीक्षण शोधतो. इथे ते आदल्या वर्षाच्या छायाचित्रांतच आहे. 1934 च्या मिरवणुकीत एक चित्ररथ होता, त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'शेवटचे निघाले'. त्यावर ज्यूंची सोंगं घेतलेले पुरुष होते, आणि देश सोडून जाणाऱ्या ज्यूंची ती थट्टा होती. नीट बघा, हे 1935 च्या आधीचं आहे. कार्निव्हल ताब्यात घ्यायचा तो प्रयत्न अजून झालेलाही नव्हता.

मग 1935 चं बंड कशासाठी होतं? आपली संघटना आपल्या हातात राहावी यासाठी. त्या बंडाचं नेतृत्व करणारा थोमास लीसेम स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता. बंडानंतर सूत्रं त्याच्याकडे आली, मिरवणुका चालू राहिल्या आणि ज्यूद्वेषी चित्ररथही चालू राहिले. युद्धानंतर पन्नाशीच्या दशकात तो पुन्हा कार्निव्हल समितीचा अध्यक्ष झाला. बंडाची गोष्ट इतकी टिकली, त्यामागे हेही एक कारण आहे. गोष्ट सांगणारेच त्या गोष्टीतले नायक होते. कार्ल डीटमार आणि मार्कुस लाइफेल्ड या अभ्यासकांनी 2010 मध्ये या काळावर पुस्तक लिहिलं, तोवर युद्धाला 65 वर्षं होऊन गेली होती.

खरा विरोध कुणीच केला नाही असंही नाही. कार्ल क्युपर हा कार्निव्हलचा विनोदी वक्ता. तो मंचावर येऊन नाझी सलामीसारखा हात वर करायचा आणि म्हणायचा, आमच्या तळघरात कचरा एवढा साचलाय. 1939 मध्ये त्याच्यावर आयुष्यभराची भाषणबंदी आली. सत्तेची टर उडवण्याची किंमत काय असते ते या एका माणसाकडे बघून कळतं. त्याच्या शेजारी समितीचं 'बंड' ठेवून बघा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मंडळांच्या पथकात नाचणारी तरुणी, 'टांत्समारीशेन', आज सगळ्यांना अस्सल जुनी परंपरा वाटते. पूर्वी ती भूमिका पुरुष करायचे. पुरुषानं बाईचं सोंग घेणं नाझींना खपत नव्हतं, म्हणून 1930 च्या दशकात तिथे मुली आल्या. कार्निव्हलच्या मुख्य त्रयीत प्रिन्स, शेतकरी आणि कुमारी असतात. त्यातली कुमारीही 1938 आणि 1939 मध्ये स्त्री होती. युद्धानंतर कुमारी पुन्हा पुरुष झाली, नाचणारी मुलगी मात्र तशीच राहिली. कुठला बदल टिकला आणि कुठला पुसला गेला, यावर खरं तर स्वतंत्र प्रबंध होईल.

आपल्या कामासाठी यातून काय घ्यायचं?

पहिलं, 'पूर्वापार' हा शब्द दिसला की तारीख शोधा. दुसरं, संस्थेनं स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट हा पुरावा असतो, पण तो मुख्यतः ती सांगितली गेली त्या काळाबद्दलचा. तिसरं, एका घटनेवरून निष्कर्ष काढण्याआधी तिच्या आदल्या आणि पुढच्या वर्षाचे कागद बघा. 1935 एकटं वाचलं तर बंड दिसतं. 1934 शेजारी ठेवलं की चित्र बदलतं.

आणि हे सगळं कळल्यावर मिरवणुकीला जायचं की नाही? जायचं. ज्या गोष्टीला तारखा आहेत ती बदलताही येते. 1984 मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी जुन्या मंडळांना कंटाळून 'श्टुंकझिट्झुंग' हा स्वतःचा पर्यायी कार्निव्हल सुरू केला, तो आजही जोरात चालतो. 2017 मध्ये ज्यू लोकांचं कार्निव्हल मंडळ शहरात पुन्हा उभं राहिलं. 2022 मध्ये ऐन बायकांच्या गुरुवारी रशियानं युक्रेनवर हल्ला केला, आणि सोमवारी कोलोनमध्ये मिरवणुकीऐवजी शांततेचा प्रचंड मोर्चा निघाला. बाहेरून आलेल्या माणसाला इथल्या बोलीत 'इमी' म्हणतात. अशा इमी लोकांचाही आता वेगळा कार्यक्रम असतो, त्यात जगभरातून आलेले लोक कोलोनची आणि स्वतःची थट्टा करतात.

तेव्हा या, सोंग घ्या, 'आलाफ' म्हणा. फक्त शेजारी उभं राहून कुणी 'हे असंच चालत आलंय' म्हणालं, तर हसून विचारा : कधीपासून?