तूर : प्रतिकारक्षम वाणांची पैदास

मर व वांझ हे रोग, शेंगा पोखरणाऱ्या अळ्या आणि हंगामाअखेरचा पाण्याचा ताण यांना तोंड देऊ शकणारे तुरीचे वाण संकर व निवड या पद्धतींनी तयार केले जातात. रोगांच्या बाबतीत या कामाला चांगले यश आले. अळीच्या बाबतीत मात्र फारसे आलेले नाही.

मर रोग फ्यूजेरियम उडम या बुरशीमुळे होतो. ती मुळांवाटे शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते, त्यामुळे फुलोऱ्यात आलेले झाड उभ्याउभ्या वाळते आणि साल सोलली असता आतल्या लाकडावर काळपट रेघा दिसतात. बुरशी धसकटांच्या आधाराने जमिनीत काही वर्षे टिकून राहते, म्हणून चाचणीसाठी रोगट धसकटे मुद्दाम गाडून रोगग्रस्त क्षेत्र तयार करतात आणि तेथे हमखास मरणाऱ्या वाणाच्या ओळींलगत नवे वाण पेरून तगलेली झाडे निवडतात. वांझ रोगाचा विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमार्फत पसरतो व रोगट झाडाला फुले जवळजवळ येतच नाहीत. या रोगाच्या चाचणीत कोळी असलेले रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचतात. टाचलेले पान वाळू लागले की कोळी रोपावर उतरतात. विशेष म्हणजे रोगाची नोंद १९३१ मध्ये झाली असली, तरी विषाणूची ओळख पटायला सुमारे सात दशके लागली आणि तोवर प्रतिकारक वाण शेतात पोहोचलेही होते.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या संग्रहातून निवडलेला ‘मारुती’ मर रोगास दाद देत नाही, पण वांझ रोगास बळी पडतो. १९९३ मध्ये प्रसारित झालेला ‘आशा’ दोन्हींना पुरून उरतो. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ (लाल दाणा) व बीएसएमआर ८५३ (पांढरा दाणा) हे वाणही दोन्ही रोगांना प्रतिकारक आहेत. तेथीलच बीडीएन ७११ सुमारे १५० ते १५५ दिवसांत तयार होतो. तो दुष्काळ सोसण्यापेक्षा जमिनीतील ओल संपण्याआधी पक्व होऊन त्याला चुकवतो.

शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीविरुद्ध भक्कम प्रतिकार लागवडीच्या तुरीत सापडत नाही. कजॅनस स्कॅरॅबिऑइडिस या रानटी भाऊबंदाच्या शेंगांवरील दाट लव अळीला अडवते व त्याचा तुरीशी संकरही होतो. परंतु लवेबरोबर बारीक दाणा आणि वेलीसारखी वाढ हे नको असलेले गुणही संततीत येतात आणि ते काढून टाकण्यासाठी तुरीशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. शिवाय मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीभवन होत असल्याने निवडलेली झाडे फुलोऱ्यात जाळीखाली झाकावी लागतात. शेजारच्या वाणाचे पराग मिसळत राहिल्यास घरच्या बियाण्यातील प्रतिकार काही हंगामांत पातळ होतो.