पितरांची काष्ठशिल्पे

औसा तालुक्यातील मौजे किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाचा शीण उतरण्यापूर्वीच, भूकंपाने माळवदाची घरे दगडमातीच्या भाराने निजलेल्या माणसांवर कोसळली, आणि ज्या तुळयांनी व खांबांनी पिढ्यापिढ्यांचा संसार पेलला होता, त्यांतील पुष्कळ लाकूड सामुदायिक चितांना लागले. सरकारदप्तरी मृतांची नोंद झाली, पुढे स्मृतिस्तंभही उभा राहिला. परंतु एकेका माणसाची मूर्ती घडवावी, अशी वहिवाट या मुलखात सामान्य रयतेसाठी कधी नव्हती.

मराठवाड्याने मृतांचे स्मरण पाषाणात केले, तेही मुख्यत्वे वीरांचे. वीरगळावर खाली रण, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाचे पूजन आणि माथ्यावर सूर्यचंद्र असतात. अंथरुणावर मृत्यू आलेल्या कुणब्याच्या वाट्याला ही शिळा सहसा येत नसे.

मेळघाटातील कोरकूंची रीत मात्र निराळी. धारणी-चिखलदऱ्याच्या अरण्यात मृताच्या नावाने सागवानी फळी कोरतात. तिला मुंडा म्हणतात. ती रोवण्याचा सिडोली हा विधी मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ऐपत जुळेल तेव्हा होतो. अनेकांचा एकत्रही होतो, आणि मग तो आत्मा पितरांत सामावला असे मानतात. फळीवर घोडेस्वार, नर्तक आणि तेच सूर्यचंद्र कोरलेले असतात. पण या घोड्यावर बसण्यासाठी रणात पडावे लागत नाही. मला या परंपरेचे खरे औदार्य येथेच दिसते. वृक्षाखाली रोवलेला मुंडा पुढे ऊनपावसात झिजतो, वाळवीच्या मुखी पडतो, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही, कारण विधी यथासांग झालेला असतो.

दूर न्यू गिनीच्या दलदलीत राहणारे अस्मत लोकही खारफुटीच्या एकाच वृक्षातून बिस नावाचा उंच स्तंभ कोरतात, त्यावरील आकृतींना मृतांची नावे देतात, आणि सोहळा संपला की तो साबुदाण्याच्या ताडवनात कुजण्यास सोडतात, म्हणजे पितरांचे बळ अन्नात उतरते.

संग्रहालयासाठी मुंडा उपटून नेणे म्हणूनच मला अनुचित वाटते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी वीरगळांप्रमाणे मुंड्यांचीही गाववार नोंद करावी, छायाचित्रे घ्यावीत, कोणता मुंडा कोणाचा हे नातलगांच्या संमतीने लिहून ठेवावे, आणि ती फळी तिच्या वृक्षाखालीच राहू द्यावी.