वागळ्यांचा ‘ळ’

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने पडद्यावर अवतरले. आम्हां चेरीतालवासीयांना मात्र ते पुस्तकांतूनच ठाऊक. मुंबईचे प्रक्षेपण जबलपुरापर्यंत पोहोचत नसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. त्याचीच ही धाकटी आवृत्ती. (वस्तुतः स्वतः चि. विं.नीही नोकरीची वर्षे महाराष्ट्राबाहेर, बडोद्यास पाली शिकविण्यात घालविली!)

पुढे १९८२ मध्ये दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८८ मध्ये ‘वागले की दुनिया’ आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील हा पापभीरू, कुटुंबवत्सल नोकरदार अंजन श्रीवास्तव यांनी उभा केला. पत्नीच्या भूमिकेत भारती आचरेकर होत्या. पोवाड्यांतील शूर मराठ्यापलीकडचा, महिनाअखेरीस धास्तावणारा मराठी माणूस साऱ्या देशाने ओळखला, हे आम्ही लहान मानीत नाही. चिमणरावांचाच तो धाकटा भाऊ. परंतु राष्ट्रीय होताना त्याची भाषा गेली, आडनावातील ‘ळ’ सुद्धा ‘ल’ झाला. आमच्या मुलांना हा वागले पाठ झाला. चिमणराव मराठीतून वाचावे लागतात, म्हणून ते कपाटातच राहिले.