घर टोपी बाजारात, पगार परदेशात

1922 चा आयकर कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला टोपी बाजार त्याच्या हद्दीबाहेर, शिंद्यांच्या राज्यात. बायको इथे आणि नवरा मुंबईत नोकरीला असेल, तर त्याच्या पगारातून कलम 18 नुसार कर आधीच कापला जाई आणि घरी आलेली मनिऑर्डर करमुक्त राही. संस्थानातले उत्पन्न ब्रिटिश हद्दीत नेले, तरच त्यावर कर लागे. पैसा कुठून कुठे गेला एवढेच कायदा पाहत होता. घर कोण चालवते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

1939 च्या दुरुस्तीने हे बदलले, आणि 1 एप्रिल 1950 पासून हा कायदा मध्य भारत राज्यात, म्हणजे टोपी बाजारातही आला. परदेशी गेलेल्या माणसासाठी इथे 182 दिवस घर राखलेले असेल आणि तो वर्षात एकदा जरी येऊन गेला, तरी तो ‘रहिवासी’ ठरे. मग परदेशातली कमाईही कराच्या कक्षेत येई. नवरा-बायकोचे एकत्र विवरणपत्र आपल्या कायद्यात नाही. तरीही बायकोने चालवलेल्या संसारामुळे नवऱ्याची करपात्रता ठरू लागली, आणि या संसाराचा मोबदला म्हणून कायद्याने तिला काहीच दिले नाही. हा मला उघड अन्याय वाटतो.

कुणी म्हणेल, कायदा घराबद्दल बोलतो, बायकोबद्दल नाही. आई-वडिलांचे घरही चालले असते. पण सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये रत्नस्वामी खटल्यात वडिलांच्या घरी येऊन राहणे पुरेसे मानले नाही. घर त्या माणसासाठी राखलेले असायला हवे होते. असे घर बहुधा बायकोच राखते. शिवाय 1937 पासून नवऱ्याने बायकोला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याच्याच नावे धरले जाई. म्हणजे नाते दिसत नव्हते असे नाही. ते सोयीपुरते दिसत होते.

1961 च्या कायद्याने घराची अट 30 दिवसांच्या मुक्कामाशी बांधली आणि 1982 च्या वित्त कायद्याने ती काढून टाकली. आता दिवस मोजले जातात. हा बदल योग्यच झाला, पण इथे राहणाऱ्याचे काम त्याने संपले नाही. बाजारातला गाळा परदेशस्थ जोडीदाराच्या नावावर असला, तर भाडेकरूने पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि वर उपकर कापायचा असतो. प्रत्यक्ष देणे त्याहून कमी असेल, तर जादा रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही, आणि त्यासाठी भाडेकरूकडे करकपातीचे प्रमाणपत्र मागायला जाणारा माणूस बहुतेकदा ग्वाल्हेरातच असतो.