वाडा, वस्ती, विहार : आमच्या शब्दांचा इतिहास

वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत विहाराच्या बांधकामाचा आणि दानदात्यांचा इतिहास येतोच. प्रस्तुत लेखात आम्ही जरा वेगळा इतिहास मांडत आहोत. जी वस्तू डोळ्यांसमोर उभी आहे तिला काय म्हणायचं, ते कोणी ठरवलं आणि केव्हा बदललं, याचा हा इतिहास आहे.

या विषयावर आपल्याकडे फार जुनी चर्चा आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, रथात बसून भदन्त नागसेनांकडे आला. नागसेनांनी विचारलं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग रथ हा फक्त व्यवहारासाठी ठेवलेला शब्द आहे, असं नागसेनांनी त्याला दाखवून दिलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) काढलेल्या महाविद्यालयाला परमपूज्य बाबासाहेबांनी पुढे याच मिलिंदाचं नाव दिलं. परिसर झाला नागसेनवन.

नागसेनांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण शब्द ज्याच्या कपाळावर मारला जातो, त्याच्यासाठी तो नुसता व्यवहार राहत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. लिंबागणेश हे बीड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे दूरवर ठाऊक असलेलं. आपल्या मराठवाड्यात लिंब म्हटलं की कडुलिंब. मुंबईकडच्या पाहुण्याला लिंब म्हटलं की सरबत आठवतं! शब्द तोच, पण चव बदलली. इथवर गंमत आहे. 'वाडा' या शब्दापाशी मात्र गंमत संपते.

वाडा म्हणजे मुळात कुंपण घातलेली, वेढलेली जागा. धनगर मेंढरं बसवतो तोही वाडाच. देशमुखाचा चौसोपी, दगडी बांधणीचा तोही वाडा. आणि गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला झोपड्यांची दाटी होती, तोही वाडा, पण त्याच्या पुढे जातीचं नाव जोडलेलं : महारवाडा, मांगवाडा. वाचकांनी बोलण्यातला एक बारकावा ध्यानात घ्यावा. देशमुखाकडे जाणारा 'वाड्यावर' जायचा. आमच्याकडे येणारा 'वाड्यात' यायचा. एका प्रत्ययात चढण आणि उतरण दोन्ही आहेत. हे कोणत्या व्याकरणात लिहिलेलं नाही, तरी लहान पोरालाही ते कधी चुकत नव्हतं.

गावकूस म्हणजे गावाची भिंत. बहुतेक गावांतली ती केव्हाच ढासळली, माती लोकांनी वाहून नेली. 'गावकुसाबाहेर' हा शब्द तेवढा शाबूत राहिला. आमच्या माणसांनी मग आपल्या जागेला आपणच नावं दिली. काही गावांत राजवाडा म्हणू लागले, त्यात थोडा अभिमान, थोडी चेष्टाही असेल. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्धवाडा, भीमनगर, सिद्धार्थनगर ही नावं आली. पण 'बौद्धवाडा' म्हटल्यावर ऐकणाऱ्याने मनात जुनाच शब्द ऐकला, हेही तितकंच खरं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. त्यात बौद्धवाडा हे नावसुद्धा बदलायच्या यादीत होतं. कागदाने उशिरा का होईना दखल घेतली.

माणसांच्या नावांची कथा याहून लांब आहे. सरकार इंग्रजीतून 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणायचं, म्हणजे दाबलेले, खचलेले. गोलमेज परिषदेपुढे नोव्हेंबर १९३१ मध्ये दिलेल्या पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हा शब्द बदला अशी स्पष्ट मागणी केली. पुढे 'हरिजन' आला. वरून गोड, पण देणाऱ्याची दया त्यात डोकावते. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. एका शब्दासाठी! बाबासाहेबांच्या पत्रांची नावं ओळीने वाचली तरी हा प्रवास दिसतो : 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६. मुक्यापासून प्रबुद्धापर्यंत छत्तीस वर्षं लागली. १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे' या भाषणात त्यांनी नामांतराचा विचार सविस्तर मांडला आहे. जुन्याच घरात राहून नवं नाव घेतलं तर डाग पुसत नाही, घर बदललं तरच नावाला अर्थ येतो, असा त्याचा आशय.

मराठवाड्याने तर एका शब्दाच्या छटेसाठी सोळा वर्षं भोगलं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, पण जुनं मराठवाडा ठेवून, त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव जोडून. शासनाने याला शब्द वापरला 'नामविस्तार'. अंतर म्हणजे बदल. विस्तार म्हणजे वाढ, ज्यात कोणाचं काही काढून घेतलं जात नाही. तडजोड या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बसवली होती. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर डोकं टेकायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी मात्र शब्द असतो 'नामांतर'. आमच्या मते त्यांचा शब्द इतिहासाला धरून आहे, कारण मार खाल्ला तो नामांतर म्हणूनच.

विहाराबद्दल थोडं. पालीत विहार म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. बिहार राज्याचं नाव त्यावरूनच पडलं. अजिंठ्याच्या तीस लेण्यांत पाच चैत्यगृहं, बाकी बहुतेक विहार. मराठीत विहार करणे म्हणजे हिंडणे, तो नौकाविहार वेगळा. आपल्या वस्त्यांतल्या विहारात बहुधा भिक्खू राहत नाहीत. तिथे वंदना होते, म्हणजे काम चैत्याचं. पोरं अभ्यासाला बसतात, लग्नं लागतात, भांडणं मिटतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात अशा कितीतरी वास्तूंची नोंद 'समाजमंदिर' अशी असते. निधी समाजमंदिराला येतो आणि माणूस विहारात येतो.

शेवटचा शब्द 'नवबौद्ध'. केंद्राने १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. त्याआधीपासून राज्याच्या कागदांवर हा शब्द होता, आणि योजनांच्या नावांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटक' असा तो आजही आहे. सवलतीसाठी तो उपयोगाचा, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या घरात आजोबांनी दीक्षा घेतली, त्या घरातला नातू अर्ज भरताना विचारतो, आजोबा नवे होते ते ठीक, मी कधीपासून नवा?